तिशीत पहिल्यांदा फीट आली? कारण मेंदूतला जंताचा कोष असू शकतो, माणूस शाकाहारी असला तरी

पनवेल : सकाळी कामावर निघालेला तिशी-पस्तिशीचा धडधाकट माणूस. चहाचा कप हातात असतानाच हात आपोआप वाकडा व्हायला लागतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि पुढच्या क्षणी तो जमिनीवर. दातखीळ, तोंडाला फेस, अंगाला झटके. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात, माणूस गुंगीत जातो आणि जागा झाल्यावर त्याला यातलं काहीच आठवत नाही. आधी कधी असं झालेलं नसतं. घराण्यातही कुणाला नसतं.

मग गर्दी जमते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "याला बाहेरचं लागलंय, भगताला दाखवा." पनवेल, उरण, पेण, कर्जत, खालापूर, तालुका कुठलाही घ्या, हा प्रसंग वाचकांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेला असेल. माझ्या लहानपणी मी तो पाहिला आणि कांदा आणायला मलाच पळवलं होतं.

मोठ्या वयात पहिल्यांदा फीट येण्याची कारणं बरीच आहेत. दारू एकदम सोडणं, गाडीवरून पडून डोक्याला मार, अर्धांगवायू, मेंदूतली गाठ, टीबी, रक्तातली साखर किंवा सोडियम घसरणं. पण आपल्या देशात या यादीत एक कारण फार वर आहे आणि गावात त्याचं नावही कुणी घेत नाही. मेंदूत जाऊन बसलेला पट्टकृमीच्या पिल्लाचा कोष. डॉक्टरी भाषेत न्यूरोसिस्टिसरकोसिस. नाव अवघड आहे, रिपोर्टवर आलं की घरचे घाबरतात. कॅन्सरसारखं काहीतरी असणार, असं वाटतं. तसं नाही. बहुतेकांचा आजार औषधाने आटोक्यात येतो. आणि मुख्य म्हणजे हा आजार टाळता येतो. फीट येण्याच्या फार थोड्या कारणांबद्दल असं म्हणता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, हा जंत जिथे मुरलेला आहे अशा भागांत अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. काही अतिजोखमीच्या वस्त्यांत हा आकडा 70 टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या देशातला चांगला अभ्यास तमिळनाडूतल्या वेल्लोर जिल्ह्यातला आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी गावोगाव फिरून रुग्ण शोधले आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हजारी जवळपास चार माणसांना अपस्माराचा चालू त्रास होता आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत मूळ या कोषात सापडलं.

म्हणजे दर तिसरा माणूस. त्या दिवशी कुणीतरी हात नीट धुतले असते तर कदाचित ज्याला फीट आलीच नसती, असा.

कोबीतला किडा डोक्यात जातो का?

व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो. कोबीत किडा असतो, तो शिजवूनही मरत नाही, मेंदूत जातो. सोबत हिरव्या अळीचा फोटो. तो मेसेज वाचून कोबी सोडलेली घरं मला माहीत आहेत. मेसेज अर्धा खोटा आहे आणि त्या खोट्या अर्ध्यानेच घोळ केला आहे.

कोबीतली हिरवी अळी ही शेतातली कीड आहे. ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. ती चुकून पोटात गेली तरी किळस येण्यापलीकडे काही होत नाही, मेंदूत तर ती जाऊच शकत नाही. मेंदूत जातं ते वेगळंच. ते डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे पट्टकृमीचं अंडं, आणि ते कोबीत तयार होत नाही. ते माणसाच्या विष्ठेतून येतं.

हा जंत दोन घरांत राहतो, माणसात आणि डुकरात. शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. पूर्ण वाढलेला जंत फक्त माणसाच्या आतड्यात असतो. चपटा, रिबिनीसारखा, लांबी साधारण दोन ते सात मीटर. उसाला जशी पेरं असतात तसे त्याला शेकडो तुकडे असतात. टोकाचा पिकलेला एकेक तुकडा तुटून शौचावाटे बाहेर पडतो आणि अशा एका तुकड्यात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. हा जंत आतड्यात वर्षानुवर्षं राहतो. ज्याच्या पोटात तो आहे त्याला बहुतेक वेळा काही त्रास होत नाही. कधी पोट गुरगुरतं, कधी संडासात पांढरे चपटे तुकडे दिसतात, आणि लाजेपोटी माणूस ते कुणाला सांगत नाही.

उघड्यावर पडलेली अशी विष्ठा डुकराने खाल्ली, की अंडी डुकराच्या पोटात फुटतात, त्यातले जीव रक्तातून मांसात जातात आणि तिथे वाटाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पिशव्या करून बसतात. असं मांस पाहिलं तर भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट फुगे दिसतात. ते मांस माणसाने अर्धकच्चं खाल्लं, की एक पिशवी आतड्यात उघडते आणि तिचा पुन्हा लांब जंत होतो. इथे चक्र पूर्ण झालं. जर्मनीच्या फ्रीड्रिख क्यूखनमाइस्टर या डॉक्टरांनी 1855 मध्ये हे सिद्ध केलं आणि कसं, तर फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत असं मांस खाऊ घालून. नंतर त्याच्या आतड्यात जंत सापडले. आज असा प्रयोग केला तर डॉक्टरच आत जाईल.

आता नीट लक्ष द्या, कारण बरेच शिकलेले लोकही इथे चुकतात. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात लांब जंत होतो. मेंदूत कोष होतो तो मांस खाऊन नव्हे, तर अंडी गिळल्याने. म्हणजे, स्पष्टच सांगायचं तर, पोटात जंत असलेल्या कुणाच्या तरी विष्ठेचा न दिसणारा अंश तोंडात गेल्याने. तो कुणीतरी घरातला असू शकतो, मेसमधला स्वयंपाकी असू शकतो, नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्या शेताजवळ बसलेला कुणी असू शकतो. रुग्ण स्वतःही असू शकतो, कारण स्वतःच्याच हातांनी स्वतःच्या पोटातल्या जंताची अंडी तोंडात जाऊ शकतात.

अंडं माणसाच्या पोटात गेलं, की जंत माणसालाच डुक्कर समजतो. अंडं फुटतं, आतला जीव रक्तात जातो आणि मांसात, डोळ्यात किंवा मेंदूत पिशवी करून बसतो.

म्हणून माळकरी माणसालाही हा आजार होतो. डुक्कर ज्यांना वर्ज्य आहे त्यांनाही होतो. याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. 1990-91 च्या सुमारास तिथल्या कर्मठ ज्यू समाजातले चार रुग्ण फीट येते म्हणून दवाखान्यात आले आणि मेंदूत हेच कोष निघाले. हा समाज डुकराला शिवत नाही, बाहेर फारसा खात नाही, आणि आजार तर त्या शहरात असायचं कारण नाही. शोध घेतल्यावर धागा स्वयंपाकघरात गेला. जिथे हा जंत मुरलेला आहे अशा लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या बायका त्या घरांत कामाला होत्या आणि तपासणीत त्यांच्यापैकी एकीच्या पोटात पट्टकृमी सापडला. यात त्या बाईचा दोष काही नाही. तिला स्वतःला माहीतच नव्हतं आणि तिची तपासणी करायचं आधी कुणाला सुचलंही नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर उद्या खारघर-कामोठ्यातल्या सोसायट्यांत घरकामाच्या बायकांकडे बोट दाखवलं जाईल. आपल्याकडे जंताला जात, धर्म, पगार कळत नाही. घरमालकाच्या पोटातही तो असू शकतो.

गोरे सोल्जर आणि लिएंडर पेस

या आजाराचा वैद्यकीय इतिहास भारताशी घट्ट जोडलेला आहे. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये एक गोष्ट लक्षात येऊ लागली. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना फीट येत होत्या. भरतीच्या वेळी ठणठणीत असलेली तरुण पोरं. अपस्मार म्हणून त्यांना सैन्यातून काढलं जायचं, काहींची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हायची. ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातले विल्यम मॅकआर्थर यांनी शोध लावून धरला आणि या सैनिकांच्या मेंदूत, दंडात, मांडीत जंताचे कोष असल्याचं दाखवलं. पुढे 1961 मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम या दोघांनी अशा 450 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली ती वेळेची. सैनिकांनी देश कधी सोडला याची नोंद होती, त्यामुळे अंडं पोटात जाणं आणि पहिली फीट यांत किती काळ गेला हे मोजता आलं. बहुतेकांत काही वर्षं गेली होती, थोड्यांत तर वीस वर्षांहून जास्त.

आपल्याकडे निदान चुकतं त्याचं एक कारण इथे आहे. आज फीट आली म्हणून लोक आठवतात, काल काय खाल्लं. खरं कारण पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या जेवणात असू शकतं आणि ते कुणालाच आठवणार नाही.

इतकी वर्षं कोष गप्प का बसतो? जिवंत असेपर्यंत तो शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतो. माणूस त्याच्यासोबत बिनबोभाट जगतो. काही वर्षांनी कोष म्हातारा होतो, मरायला लागतो, त्याचं कवच गळतं आणि तेव्हा शरीराला पत्ता लागतो की आत परका आहे. मग तिथे सूज येते. ती सूज आजूबाजूच्या मेंदूला चाळवते आणि फीट येते. म्हणजे जंत जगत असताना नव्हे, मरत असताना त्रास देतो. पुढे मेलेला कोष एकतर विरघळून जातो, नाहीतर चुन्याच्या खड्यासारखा कडक होऊन तिथेच राहतो. असा खडा राहिला तर नंतरही अधूनमधून फीट येऊ शकते.

नावाजलेला रुग्ण म्हणजे टेनिसपटू लिएंडर पेस. मूळचं गोव्याचं हे कुटुंब. 2003 च्या जुलैत त्याने मार्टिना नवरातिलोवाबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडात तीव्र डोकेदुखीने दवाखान्यात दाखल झाला. मेंदूत ट्यूमर असल्याची शंका आली, देशभर बातम्या झाल्या. नंतर निष्पन्न झालं ते हेच, न्यूरोसिस्टिसरकोसिस. वय तीस. उपचार घेऊन तो कोर्टवर परतला आणि 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महेश भूपतीसोबत खेळला, पदक थोडक्यात हुकलं. सांगायचा मुद्दा इतकाच की हा फक्त गरिबाचा किंवा अस्वच्छ माणसाचा आजार नाही. आणि फीट हे त्याचं नेहमीचं लक्षण असलं तरी एकमेव नाही. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, दिसण्यात फरक, हेही होऊ शकतं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर, तिथल्या गावांत एके काळी घरामागच्या संडासाखाली डुकरंच साफसफाई करायची. जुन्या पिढीला ते आठवतं. जंताला याहून सोयीची व्यवस्था कुणी बांधून दिली नसती. आता ते संडास जवळजवळ गेले. पण उघड्यावरची विष्ठा आणि मोकाट डुक्कर ही जोडी आपल्या शहरांच्या कडेला, नाल्यांच्या काठाला अजून दिसते.

स्कॅनमध्ये काय दिसतं आणि टीबीशी गल्लत कशी होते

मोठ्या वयात पहिली फीट आली, की मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करायलाच हवा. पनवेल, कळंबोली, कामोठ्याच्या पट्ट्यात दोन्हींची सोय आहे. मालडुंगे-धोदाणीकडच्या वाडीतून किंवा कर्जतच्या डोंगरातून येणाऱ्याला हा दिवसभराचा खाडा पडतो, भाडं पडतं, म्हणून लोक टाळतात. "एकदाच आली, परत आली तर बघू." मुंबईत जेजे, केईएममध्ये मेंदूविकाराची ओपीडी आहे. तिथे रांग लावावी लागते, हे खरं. तरी टाळू नका, कारण दुसरी फीट कुठे येईल ते आपल्या हातात नसतं. विहिरीच्या काठावर, चुलीसमोर, खाडीत होडीवर, जेएनपीटीच्या रस्त्यावर ट्रेलरच्या स्टिअरिंगवर. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये अपस्माराचा प्रश्न विचारलेला असतो. बरेच ड्रायव्हर तिथे "नाही" लिहितात आणि दुखणं लपवतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे, समजू शकतो. पण हे दुखणं बरं होण्यासारखं असताना लपवणं म्हणजे रस्त्यावरच्या बाकीच्यांशीही जुगार.

स्कॅनवर कोष गोल कड्यासारखा दिसतो. नशीब बरं असेल तर कड्याच्या आत एक बारीक ठिपका असतो. ते जंताचं डोकं. ते दिसलं की निदान जवळजवळ पक्कं. पण नेहमी दिसत नाही, आणि मेंदूतली टीबीची गाठसुद्धा कड्यासारखीच दिसते. आपल्याकडे टीबी कमी नाही. 1980 च्या दशकापर्यंत भारतात असा एकच छोटा कडा दिसला, की बऱ्याचदा टीबी समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जायची. काही महिन्यांनी कडा नाहीसा व्हायचा आणि औषध लागू पडलं असं वाटायचं. वेल्लोरचे डॉ. मॅथ्यू चंडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी असे कडे शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 1989 ते 1991 या काळात दाखवून दिलं की यातले बहुतेक जंताचे मरणारे कोष आहेत. ते औषध न देताही नाहीसे होतात. भारतीय डॉक्टरांच्या या कामाने किती लोकांची टीबीची नाहक गोळ्या-इंजेक्शनं वाचली असतील, हिशोब नाही. गंमत अशी की आपल्या शाळेच्या पुस्तकांत यांचं नाव नसतं.

आज साधारण नियम असा की कडा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, रुग्णाला ताप नसेल, वजन उतरत नसेल, शरीरात इतरत्र टीबी नसेल, तर कोषाची शक्यता जास्त. पण हे ठरवायचं डॉक्टरने. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून नव्हे.

उपचाराबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कोषासाठी अल्बेंडाझोल हेच औषध वापरतात. तेच, जे शाळेत जंताची गोळी म्हणून देतात. त्यामुळे लोकांना वाटतं, मेडिकलमधून आणावं आणि घ्यावं. करू नका. मेंदूतल्या कोषासाठी हे औषध वजनाच्या हिशोबाने दहा दिवस किंवा जास्त देतात आणि सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात. कारण औषधाने कोष मरतो आणि मरताना सूज वाढते, हे वर आलंच. डोक्यात खूप कोष असतील आणि मेंदूला आधीच सूज असेल तर हे औषध दिलंच जात नाही, ते जिवावर बेतू शकतं. डोळ्यात कोष असेल आणि आधी डोळा न तपासता औषध दिलं तर दृष्टी जाऊ शकते. आणि कोष जर चुन्याचा खडा झालेला असेल तर जंताच्या औषधाचा उपयोग शून्य, तो आधीच मेलेला आहे. गोळी एकच, पण रुग्णानुसार निर्णय चार.

फीटची गोळी मात्र बहुतेकांना लागते. इथे आपले लोक हमखास घोटाळा करतात. महिनाभर फीट आली नाही, की गोळी बंद. गोळी अचानक बंद केली की फीट जास्त जोरात येते, कधी लागोपाठ येते. एकच छोटा कोष असेल, तो पुढच्या स्कॅनमध्ये नाहीसा झालेला असेल आणि फीट थांबलेली असेल, तर गोळी आयुष्यभर लागत नाही. डॉक्टर काही महिन्यांनी हळूहळू कमी करून बंद करू शकतात. खडा राहिला असेल तर जास्त काळ.

लग्नाचा विषयही आपल्या भागात निघतोच. मुलीला एकदा फीट आली हे कळलं की स्थळ मोडतं. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाला अडथळा मानला जायचा, ती तरतूद 1999 मध्ये काढून टाकली. कायदा पंचवीस वर्षांपूर्वी सुधारला, वऱ्हाडी अजून तिथेच आहेत. मेंदूत कोष असलेल्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. त्याचं ताट-वाटी वेगळी ठेवायचं कारण नाही. लागण होते ती आतड्यात लांब जंत असलेल्यापासून, आणि त्याला मात्र कुणी वेगळं बसवत नाही, कारण तो कुणाला ओळखूच येत नाही.

मग शोधायचं कुणाला?

कोषाचा रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांची, रुग्णासकट, शौचाची तपासणी करावी. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने द्यावेत. मेसमध्ये किंवा लेबर कॅम्पवर जेवणारा असेल तर स्वयंपाक करणाऱ्यांचीही. जंत सापडलाच तर त्यावर स्वतंत्र औषध आहे, काम सहसा एका मात्रेत होतं. डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायचं, एवढंच. माझ्या मते सगळ्या साखळीतली सगळ्यात स्वस्त जागा हीच, आणि सगळ्यात दुर्लक्षित. रुग्णाच्या एमआरआयवर हजारो रुपये जातात आणि शेजारी बसलेल्या माणसाची शौचाची तपासणी सांगायचं राहून जातं. तेव्हा तुम्हीच विचारा.

10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्यात 1 ते 19 वर्षांच्या मुलांना गोळी मिळते. चांगलं आहे, मुलांना द्या. पण ती मोहीम मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आहे, आणि स्वयंपाक करणारी आई, आचारी, भेळवाला, चायनीजच्या गाडीवरचा पोरगा हे कुणी तिच्यात येत नाहीत. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. गाडीवर खाताना सर्टिफिकेट मागणारा ग्राहक मी तरी पाहिलेला नाही. मीही मागितलेलं नाही.

गावात 2000 च्या आसपास गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने हवा तयार केली, 2014 नंतर स्वच्छ भारतमधून संडास बांधले गेले आणि एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास बांधले, हे खरं. पाणी नाही म्हणून त्यात सरपण ठेवलेलं आहे, हेही आपण पाहतो. आणि पनवेलच्या आसपास टॉवर, गोदामं, रस्ते यांच्या कामावर जे हजारो मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांचा कुठल्याच ग्रामपंचायतीच्या संडासाच्या यादीत नंबर नसतो. वीटभट्टीवर सहा महिने राहणाऱ्या कातकरी कुटुंबांचंही तेच. ते शेताच्या बांधावर जातात, कारण दुसरी जागा नसते, आणि पावसाचं पाणी बांधावरचं सगळं घेऊन खालच्या वाफ्यात जातं.

हा जंत घालवता येतो, हे पेरू देशाने करून दाखवलं आहे. तिथल्या तुंबेस भागात 107 गावांत माणसांना जंताचं औषध, डुकरांना औषध आणि लस असा एकत्र कार्यक्रम राबवला. 2016 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा 105 गावांत जंताचा प्रसार थांबलेला होता. डुकरांसाठीची अशी लस आज हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीत बनते. लस आपल्या देशात बनते, आपल्या डुकरांना ती टोचल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं.

घरात करायचं ते साधं आहे. संडासातून आल्यावर आणि स्वयंपाकाला, जेवायला बसण्याआधी साबणाने हात, नखांखालची घाण काढून. अंडी चिकट असतात, नुसत्या पाण्याने विसळून जात नाहीत. कच्ची खायची भाजी, काकडी, गाजर, कोथिंबीर, कोबी, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकावी आणि आतली सुटी करून धुवावी. मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत, चोळून धुण्याने निघून जातात. नीट शिजवलेल्या भाजीत धोका नाही, तेव्हा कोबीची भाजी बिनधास्त खा. पाण्यात टाकायच्या क्लोरीनवर या अंड्यांसाठी विसंबू नका, पाणी उकळा. डुकराचं मांस खाणाऱ्यांनी आत गुलाबी राहणार नाही इतकं शिजवावं. साबुदाण्यासारखे फुगे दिसले तर ते विकतच घेऊ नये.

आणि समोर कुणाला फीट आलीच तर कांदा, चप्पल, किल्ली, चमचा काही नको. दातांत काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. आजूबाजूचं टोकदार सामान, चूल, गाडी यांपासून त्याला दूर ठेवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ घशात जाणार नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येता दुसरी फीट आली, तर 108 ला फोन. पहिलीच फीट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना. आणि जमलेल्या गर्दीतल्या एकाने मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून ठेवावा. व्हायरल करायला नव्हे, डॉक्टरला दाखवायला. रुग्णाला काही आठवत नसतं आणि झटका आधी कुठल्या हातापासून सुरू झाला, यावरून मेंदूत नेमकं कुठे बघायचं हे डॉक्टरला कळतं.